शुभंकरांची सावड

आवणीच्या दिवसांत आमच्या मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात कुणी एकट्यानं खाचरात उतरत नाही. रोपं तयार झालेली असतात, पावसानं जोर धरलेला असतो, चिखलणी उरकलेली असते आणि वेळेत लावणी झाली नाही तर रोप जून होतं. म्हणून सावड घालतात. आज सगळी माणसं तुमच्या खाचरात, उद्या माझ्या, परवा शेजारच्याच्या. पैसे द्यायचे नाहीत. दुपारची भाकरी घालायची आणि दुसऱ्याची पाळी आली की आपण जायचं. अख्खा गाव बैलजोड्या घेऊन एकाच्या रानात उतरला की ती इर्जिक. लहानपणी मी दोन्ही पाहिली. इर्जिक आता ऐकण्यापुरती राहिली, पण भाताच्या गावांत सावड अजून तग धरून आहे.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा ती ७१ वर्षांची होती. पुढची सात वर्षं ती याच खोऱ्यातल्या आमच्या घरात होती आणि तिचं सगळं वहिनीनं केलं. त्या सात वर्षांत आवणीला आमच्याकडे दर साली पंधरा-वीस माणसं आली. आईसाठी सावड घालायला एकही आलं नाही. गावाला दोष देत नाही. आजारी माणूस सांभाळणं हे काम आहे, त्यालाही हात लागतात, हे आम्हा घरच्यांच्याच डोक्यात आलं नव्हतं, तर गावाच्या कुठून येणार? मी कोथरूडला राहायचे. रविवारी फळं घेऊन यायचे, आईचा हात हातात घेऊन बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मुलीचं कर्तव्य झालं असं मला मनापासून वाटायचं.

दिवेलागणीला आई गाठोडं बांधायची. दोन लुगडी, एक वाटी, कधी देवघरातली घंटा. ‘मला घरी जायचंय’ म्हणायची. ती ज्या घरात पन्नास वर्षं नांदली त्याच घराच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची. दादा तिला समजावायचा, मग ओरडायचा, मग स्वतःच बाहेर निघून जायचा. वहिनीनं वेगळी तोड काढली. ती चूल शांत करायची, बॅटरी घ्यायची आणि म्हणायची, ‘चला आई, सोडते तुम्हाला.’ दोघी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायच्या, तिथं थोडं टेकायच्या आणि परत यायच्या. ‘आलं बघा घर,’ वहिनी म्हणायची. आई आत येऊन गाठोडं सोडायची. हे रोज. पावसातही.

पुष्कळ नंतर मला कळलं, की या आजारातले जाणकार घरच्यांना नेमकं हेच शिकवतात. वाद घालू नका, खरं-खोटं करू नका, त्यांच्या बरोबर थोडं चाला आणि मन वळवा. वहिनी आठवी शिकलेली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन-चार महिने रोज संध्याकाळी रडून तिनं ते शोधून काढलं होतं. ते महिने वाचवता आले असते, हे आठवलं की मला आजही बेचैन होतं.

एकदा आम्ही आईला पुण्यात एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर आई बसली, दुसरीवर मी. वहिनी मागं भिंतीला टेकून उभी. रात्री किती वेळा उठतात, खातात काय, लघवीचं कळतं का, हे सगळं डॉक्टरांनी मला विचारलं. प्रत्येक उत्तरासाठी मी वळून वहिनीकडे पाहत होते. आम्ही बाहेर पडेपर्यंत तिला कुणी बसा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

परतताना चांदणी चौकाच्या पुढं ती म्हणाली, ‘ताई, येणारा प्रत्येक जण आईंचं विचारतो. माझी पाठ आठ महिने धरलीय.’ एवढंच. पुढं पौड येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसली.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट या मानसशास्त्रज्ञानं रुग्णाची काळजी घेणाऱ्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचं आज जगभर वापरलं जाणारं रूप २२ प्रश्नांचं आहे. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, चिडचिड होते का, तब्येत ढासळली असं वाटतं का, पुढं काय होईल याची भीती वाटते का, असे साधे प्रश्न. ती वाचताना मी मनात वहिनीची उत्तरं भरत गेले. सात वर्षांत त्या २२ पैकी एकही प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. भारतात साठीच्या पुढच्या माणसांत ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतल्या बहुतेकांच्या मागं भिंतीला टेकून अशी कुणीतरी उभी असणार.

अशा माणसाला मराठीत आता एक शब्द आहे, शुभंकर. आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुण्यातल्या स्वमदत गटांत हे दोन्ही शब्द इतके रुळलेत, की नव्यानं आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो, ‘तुम्ही शुभार्थी की शुभंकर?’ मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. ‘केअरटेकर’ म्हटलं की बंगल्याचा राखणदार डोळ्यांपुढं येतो. ‘सेवा’ म्हटलं की ती करणारीनं थकायचं नसतं, चिडायचं नसतं. शुभंकर हे नुसतं एका भूमिकेचं नाव आहे. त्या भूमिकेतला माणूस थकू शकतो, रजा मागू शकतो, शिकू शकतो.

या गटांची पुण्यातली परंपरा चांगली जुनी आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या कामात व्यसनी माणसाच्या बायकोलाही जागा मिळाली. तिच्यासाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा दारू सोडेल तेव्हा सोडेल, तोवर मार खाऊन, कर्ज फेडून, मुलांना सांभाळून जी उभी आहे तिचं काय, हा प्रश्न मराठी मुलखात इतक्या थेटपणे आधी कुणी फारसा विचारला नव्हता.

दुसरा धागा थेट कॅनडातून आला. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅलगरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात या आजाराची माणसं आणि त्यांचे नातेवाईक एकत्र कसे येतात हे त्यांनी शुभंकर म्हणून अनुभवलं आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. मराठी वाचकाला हे काम ‘देवराई’मुळे ठाऊक आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २००४ चा चित्रपट वाणींच्याच पुढाकारातून उभा राहिला. अतुल कुलकर्णींचा शेष सगळ्यांना आठवतो. मला सोनाली कुलकर्णींनी केलेली बहीण आठवते. एका बाजूला स्वतःचा संसार, दुसऱ्या बाजूला आजारी भाऊ, आणि मध्ये ती.

याच दिग्दर्शकांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा प्राध्यापक उभा केला. मुलगी त्याला थोडा वेळ गाडीत बसवून दुकानात जाते आणि तो रस्त्यानं चाललेल्या हत्तीच्या मागं निघून जातो. तेवढ्या वेळाचा अपराध ती सबंध चित्रपटभर वाहते. तिकडं माहुताची कन्नड बोलणारी बायको मात्र त्या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं जवळ घेते. वहिनीला मी हा चित्रपट घरी दाखवला तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. ती मुलीवर चिडली नाही. म्हणाली, ‘दुकानात जायला लागणारच की.’

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ २००० साली सुरू झालं. ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिनी, त्यांचा मोठा मेळावा असतो. अशा गटात होतं काय, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. औषध कुणी लिहून देत नाही. गोळी आणि जेवण यांत अंतर किती ठेवायचं, चालता चालता पाऊल जमिनीला खिळलं तर जमिनीवरच्या रेघा ओलांडायला लावायचं, सदऱ्याला बटणांऐवजी वेल्क्रो लावायचा, अशा बारीकसारीक गोष्टी एक शुभंकर दुसऱ्याला सांगतो. त्या कुठल्या केसपेपरवर नसतात. आणि एखादी बाई सगळ्यांसमोर म्हणते, ‘काल मी त्यांच्यावर हात उगारला.’ समोरच्या वीस जणांपैकी कुणी दचकत नाही. तिच्या शेजारची नुसती मान हलवते. माझ्या मते हे गट टिकतात ते या मान हलवण्यावर.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर आलं. आधी सभागृहापर्यंत पोचू न शकणारी माणसं घरातून बोलू लागली. व्हॉट्सॲप गट, व्हिडिओ सभा, तज्ज्ञांची ध्वनिचित्रफितीतली भाषणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या शुभंकरांसाठी ‘आयसपोर्ट’ नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणला. त्यात पाच भागांत २३ पाठ आहेत. मन फार खचलं तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. हे दोन्ही आकडे भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावेत. फोनमध्ये साठवलेला क्रमांक ऐन वेळी दुसऱ्या कुणाला सापडत नाही.

पण आमच्या खोऱ्यात या सगळ्याचं काय होतं, ते सांगायला हवं.

फोन असतो दादाच्या खिशात आणि दादा असतो पिरंगुटच्या कारखान्यात, पाळीवर. घरात राहणाऱ्या बाईकडे साधा फोन असतो, नाहीतर रिचार्ज संपलेला. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज धरायला अंगणातल्या एका ठरावीक कोपऱ्यात उभं राहावं लागतं आणि तेवढ्या वेळात आतलं माणूस चुलीशी गेलेलं असतं. २३ पाठ वाचायला ती बसणार कधी? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करताना आढळल्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के आणि ७४ मिनिटं. यात लेकरांचं करणं मोठं आहे हे खरं. पण म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की मिनिटं मोजायची सोय उरत नाही.

मुळशी एकच तालुका, पण त्याची दोन टोकं निराळी. हिंजवडी आणि माण मुळशीतच येतात आणि तिथली सॉफ्टवेअर कंपन्यांतली मुलं आईबापांसाठी ब्यूरोतून बाई ठेवतात. भुगावला ज्येष्ठांसाठी खास बांधलेल्या इमारती आहेत. पिरंगुट ओलांडून पौडच्या पुढं आलात की ब्यूरोची मावशी यायला तयार नसते. तिचा दोष नाही. शेवटची एसटी चुकली तर ती परतणार कशी?

म्हणून मला गोव्याचा एक प्रयोग पुन्हा पुन्हा आठवतो. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांतली स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ घरं निवडली. त्यांतल्या ४१ घरांत लगेच मदत सुरू केली, बाकीच्यांना काही काळानं. मदत म्हणजे इमारत नव्हे, यंत्रही नव्हे. बारावीपर्यंत शिकलेल्या, गावची भाषा बोलणाऱ्या, मनापासून काम करू इच्छिणाऱ्या स्थानिक व्यक्तींना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं आणि त्या निदान पंधरा दिवसांतून एकदा, सहा महिने, घरी जात राहिल्या. आजार काय आहे ते सांगायचं. ‘मुद्दाम करतात’ हा गैरसमज काढायचा. गाठोडं बांधलं तर काय करायचं ते दाखवायचं. घरातल्या इतरांना कामाची वाटणी करायला लावायची. सरकारी योजना सांगायच्या. गरज पडली तरच डॉक्टर. त्या सहा महिन्यांत १८ रुग्ण दगावले, कारण हा आजार बरा होणारा नाही. पण ज्या घरांत ही माणसं जात होती तिथल्या शुभंकरांचं मन सावरलं, रुग्णाच्या वागण्यामुळं होणारा त्रास कमी झाला, आणि तोही मोजून सिद्ध होण्याइतका.

आठवड्याचं प्रशिक्षण. बारावी शिक्षण. पंधरवड्याला एक फेरी. एवढं मुळशीत जमणार नाही असं मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. आमच्याकडे आशाताई आहेत. गरोदर बाई कुठल्या वाडीत, क्षयाची औषधं कुणाची चालू, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यावर आधीच फार ओझं आहे, त्यांचा मोबदला तुटपुंजा आहे, तेव्हा हेही काम त्यांच्याच डोक्यावर फुकट टाका असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या जोडीला गावातली एखादी बारावी झालेली मुलगी नेमता येते आणि तिला तिच्या कामाचे पैसे देता येतात. पौडचं ग्रामीण रुग्णालय तिचं ठाणं होऊ शकतं. शिकवणारेही लांब नाहीत. वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. कर्करोगाचा रुग्ण तिथं घरच्या माणसासह राहतो, पैसे लागत नाहीत आणि जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, तोंडाची निगा कशी राखायची हे घरच्याला शिकवून मग पाठवतात. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक असे रुग्ण सांभाळतात. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका लहानशा कामातून ते सुरू झालं आणि २००८ मध्ये राज्याचं धोरण बनलं.

खुद्द कोळवण खोऱ्यात एक प्रश्न मात्र तीस वर्षांपूर्वीच हाती घेतला गेला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईबाप आयुष्यभर एकच वाक्य मनात घोळवतात, ‘आमच्यानंतर याचं काय?’ १९९४ मध्ये वसंत देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं साधना व्हिलेज उभं केलं. मेधा टेंगशे यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. अशी प्रौढ माणसं, इथले ‘विशेष मित्र’, वॉर्डात राहत नाहीत, घरासारख्या घरांत राहतात आणि ज्याला जमेल तेवढं काम करतात. ऑस्ट्रियातून नाझींच्या छळामुळं बाहेर पडलेल्या कार्ल कोनिग या डॉक्टरनं १९४० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये कॅम्पहिलला असंच एकत्र राहणं सुरू केलं होतं. साधना व्हिलेजनं दुसरंही एक शहाणपण दाखवलं. कुंपण घालून ते आत बसले नाहीत, आजूबाजूच्या गावांत बायकांचे गट, मुलांचं शिक्षण अशी कामं करत राहिले. त्यामुळं विशेष मित्र रस्त्यावर दिसला तर आमच्या गावात पोरं खडा मारत नाहीत, नावानं हाक मारतात. सत्तरीतल्या बापाच्या जिवावरचं निम्मं ओझं एवढ्यानंच उतरतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, तीत घरचं बिनपगारी माणूसही येतं आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. पार्किन्सन्स त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून असा भत्ता म्हणून महिना ६०० रुपये ठरवलेत. रक्कम लहान आहे, पण ती काळजी घेणारीच्या नावावर आहे. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे रुग्णाच्या नावावर येतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुविध अक्षमता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ विमा एक लाखापर्यंत आहे आणि मूल सज्ञान झाल्यावर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून मिळतं. हे मागायला जा. आयकरातली सवलतही आहे, पण ज्याला आयकरच नाही त्या भातशेतकऱ्याला तिचा उपयोग काय?

ब्रिटनमध्ये काळजीवाहकाचा भत्ता १९७६ मध्ये आला. विवाहित बायकांना मात्र तो नाकारला होता, कारण त्या तशाही घरीच असतात, असं धरलं गेलं. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईनं आईला सांभाळायला नोकरी सोडली होती. ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. ‘तशीही घरीच असते.’ हे वाक्य मी आमच्या पडवीत, अस्सल मुळशीच्या बोलीत, किती वेळा ऐकलंय.

आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. वहिनीची पाठ अजून दुखते. गेल्या पावसाळ्यात वरच्या आळीत एकाला अर्धांगवायू झाला. त्याची सून तिशीतली, पदरात दोन पोरं. वहिनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिच्याकडे जाऊन बसते. कूस बदलताना चादरीचा पट्टा कसा वापरायचा ते तिनं शिकवलं. तेवढ्या वेळात ती सून नदीवर जाते, धुणं घेऊन, आणि धुणं संपलं तरी थोडा वेळ तिथंच बसते. वहिनीच्या बचत गटातल्या आणखी दोघींनी सोमवार आणि गुरुवार घेतलाय. मी विचारलं, ‘याला काय म्हणता तुम्ही?’ वहिनी म्हणाली, ‘सावडच की, ताई.’

या दिवाळीत तुमच्या आळीत, तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल. फराळाचं ताट घेऊन जाल तेव्हा दारातून परत फिरू नका. आजारी माणसाचं विचारून झालं की त्याचं करणारीला विचारा, तुमची तब्येत कशी आहे? आणि तिला सांगा, मी दोन तास इथं बसते, तुम्ही जाऊन या. कुठं जाणार ते मात्र विचारू नका.